नशिराबादची शिट्टी, धुळ्याची गिटार

वरणगावहून दोंडाईच्याला मोटरसायकलने जायचं तर सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचतो. मला तीन दिवस लागले, कारण वाटेत एक गिटार घ्यायची होती. वायर लावून स्टेजवर वाजवता येईल अशी साधी गिटार, दुकानदार जिला सेमी-अकूस्टिक म्हणतात ती. एकदा मी ती चुकीची घेतली होती. आमच्या भागातून अशा खरेदीला जे कोणी निघतील त्यांचे दोन दिवस वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

वरणगावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाणबुडी मोटर उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. हे काम मी दुसऱ्याच्या दुकानात उभ्याने शिकलो आणि स्वतःच्या दुकानात वाढवलं. पाठीशी कोणी नव्हतं. गिटार शिकलो ती गावाजवळच्या फॅक्टरीच्या वसाहतीत. तिथल्या एका फोरमनच्या घरी पंप दुरुस्त करायला गेलो तेव्हा भिंतीवर गिटार टांगलेली दिसली. मजुरी घेऊ नकोस, त्याबदली शिकवतो, असं त्याच्याकडून मीच कबूल करून घेतलं. तो सौदा माझ्या फायद्याचा ठरला.

विहाराच्या आमच्या गायन पार्टीत मी बरीच वर्षं आहे. नाना गातात. ते निवृत्त पोस्टमन, वयाने सगळ्यांत मोठे, पार्टीचा शब्द त्यांचा. मधू ढोलकी वाजवतो. मी गिटार वाजवत होतो. 'होतो' असं म्हणायची वेळ का आली ते पहिल्याच मुक्कामावर सांगावं लागेल.

नशिराबाद

मार्च संपत आला होता. सकाळी सातला निघालो. पुढे मी, मागे मधू, दोघांच्या मधे ढोलकी आणि मधूच्या पाठीवर माझी जुनी गिटार. नानांची जीप तिसऱ्या दिवशी सकाळी थेट दोंडाईच्याला जाणार होती, पण मधू ढोलकी दुसऱ्याच्या जीपमध्ये ठेवत नाही.

नशिराबादला चहा पाजल्याशिवाय मधू पुढे जाऊ देईना. मला तिथे थांबायचं नव्हतं. टपरीवरून तो मोठा हॉल समोर दिसतो, जिथे हिवाळ्यात आमचा कार्यक्रम झाला होता.

त्या दिवशी माझ्या हातात ही गिटार नवी होती. मोठी, जाड पोटाची, चकचकीत. जळगावच्या दुकानात सांगितलेल्या भावाच्या निम्म्यात काढली होती. दुसऱ्या गाण्याच्या मधेच ती किंचाळायला लागली. आधी घुमली, मग अशी शिट्टी निघाली की पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. मी तारा दाबल्या, बटणं फिरवली, काही उपयोग झाला नाही. नानांनी गाणं थांबवलं आणि माइकवरच म्हणाले, "प्रल्हादची पाणबुडी मोटर बंद करा आधी."

पूर्ण हॉल हसला. महिनाभर दुकानावर येणारं गिऱ्हाईक विचारायचं, मोटर गाते का भाऊ अजून. त्यानंतर पार्टीत बँकेतले साळवे साहेब कीबोर्ड घेऊन आले आणि मला खंजिरी देण्यात आली.

शिट्टी वाजली हे मला मान्य आहे. पण हाताने खूण करता आली असती. माइक कशाला?

"किती दिवस तेच घेऊन बसणार भाऊ?" मधूने चहा फुंकत विचारलं. "नाना ते विसरून बी गेले."

"मी नाही विसरलो."

"ग्रुपवर पाहिलं का? नानांनी टाकलंय, दोंडाईच्याला दहाला हजर, प्रल्हादने खंजिरी आणावी."

"पाहिलं."

"आणली का?"

"नाही आणली."

मधूने माझ्याकडे पाहिलं आणि चहा संपवला. गिटार मिळाली नाही तर दोंडाईच्याला मला रिकाम्या हाताने बसावं लागणार होतं, आणि एकदा तसा बसलो की मग पार्टीच्या जीपमधली जागाही राहत नाही.

जळगाव

जळगावात केळीचे ट्रक ओलांडत बाजारात पोहोचलो तेव्हा दुकानं नुकती उघडत होती. ज्या दुकानातून गिटार घेतली तिथेच पहिल्यांदा गेलो. ही परत घ्या आणि बदलून द्या, एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. पायरी चढेपर्यंत आवाज चढलेला होता.

दुकानदार माझ्याच वयाचा, थंड डोक्याचा. त्याने गिटारला वायर लावली, नखी घेतली आणि जोरात वाजवून दाखवली. आवाज भरलेला आला, शिट्टी नाही.

"भाऊ, यात दोष काय आहे?"

"माझ्या हातात किंचाळते."

"तुम्ही घेतली तेव्हा वाजवून पाहिली होती का?"

मी चिडलो. दुकानदाराने गिऱ्हाइकाला उलटे प्रश्न विचारू नयेत असं त्याला सांगितलं, आणखीही चार गोष्टी सांगितल्या ज्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण वाजवून पाहिली नव्हती हे खरं होतं.

यामागे कारण आहे. माझ्या धंद्यात माल आवडला हे तोंडावर दिसू द्यायचं नसतं. तांब्याची तार घेताना मी तिच्याकडे धड बघतही नाही. बोटाने दाबतो, नाक मुरडतो, दुसरीकडे बघत भाव विचारतो. माझ्याकडे माल आणणारे व्यापारीही तसंच करतात, आम्ही सगळे एकमेकांना ओळखून असतो. तारेला हे चालतं, कारण तार चांगली की वाईट हे बोटाला कळतं. गिटार वाजवल्याशिवाय कळत नाही, आणि वाजवली की तोंड आपल्या ताब्यात राहत नाही. म्हणून मी तेव्हा तिच्यावर नुसत्या टिचक्या मारल्या होत्या, ही खोट काढली, ती खोट काढली आणि भाव पाडला.

दुकानदाराने शेवटी दुसरी एक काढली. बारीक पोटाची, खांद्याशी कापलेली, हाताला हलकी. ही स्टेजवर ओरडत नाही म्हणाला. मी आत पिकअप, म्हणजे तारेचा आवाज उचलणारा भाग, बघितला. आयुष्यभर कॉइल गुंडाळल्या, मला वाटलं इथेही एखादी असेल. नव्हती. पोटावर तारा जिथे अडकवतात त्या घोडीखाली एक बारीकशी पट्टी बसवलेली, तारेचा दाब ओळखणारी, आणि बाजूला बॅटरीचा डबा. या एका गोष्टीने मी जरा खूश झालो, म्हणून लगेच नाक मुरडलं. पोटावर टिचकी मारली, मान तिरकी आहे म्हणालो, रंग भडक आहे म्हणालो.

"वाजवून पाह्य ना," मधू म्हणाला. "गिटार घेऊ राह्यला का टरबूज?"

मी दोन तारा छेडल्या. वायरशिवाय ती प्लायवूडच्या दारासारखी मुकी होती. तरी भाव अर्ध्यावर आणला. दुकानदार लगेच हो म्हणाला. एवढ्या लवकर हो म्हटल्यावर माझा विश्वास उडाला आणि मी खाली उतरलो. त्याने वरून हाक मारली नाही, तेही मला आवडलं नाही.

मुक्काम मधूच्या मावशीकडे होता. तिच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचं काम चाललं होतं. दादर ज्वारीचं पीठ शिजवलेला गरम घाटा तिने वाटीत काढून मधे खळगा केला आणि कच्चं तेल ओतलं. आमच्याकडे यावर नुसतं तिखट टाकतात, तिने वर भाजलेले तीळ टाकले होते. तीळ चांगले लागतात, घरी आल्यावर मी बायकोला तसं सांगितलं आणि ते तिला आवडलं नाही.

मावशीने मधूच्या पाठीवरच्या गिटारकडे पाहून विचारलं, "एवढं मोठं डबडं घेऊन फिरता, तेल आणायला चालले का?"

पारोळा

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या रस्त्याला लागलो. एरंडोल मागे पडलं की केळी संपतात आणि जमीन उघडी होते. कापूस उपटून झालेला, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर, लांबवर नुसती तापलेली माती. गरम वारा गिटारच्या पिशवीत भरायचा आणि गाडी डावीकडे ओढायची. मधू उजवीकडे कलून बसायचा. असं आम्ही तासभर चाललो.

पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. आमच्या वरणगावच्या शेवभाजीला तर्री वर येते, इथली घट्ट होती आणि खोबऱ्याला भाजल्याचा वास होता. मी दोनदा रस्सा मागून घेतला. दुसऱ्यांदा वाढपी म्हणाला, "भाऊ, भाजी मागा ना, रस्स्यावर काय जेवताय." मी म्हणालो, रस्स्याचे वेगळे लावतोस का? नाही म्हणाला. मग आण म्हणालो.

जेवणात पाऊण तास गेला. ढोलकी मधूने मांडीशी घेतली होती. गिटार मात्र बाहेर मोटरसायकलला टेकवून ठेवली होती, काळ्या पिशवीत, भर उन्हात. धुळ्याला पोहोचून पिशवी उघडली तेव्हा घोडी पोटापासून सुटून वर आली होती. खाली नखभर फट. तारा ओढून धरतात, उन्हाने सरस मऊ पडतो, हे मला कळायला हवं होतं. वार्निशवर उष्णतेने काय होतं हे मी रोज दुकानात बघतो.

तेव्हा हे पहिलं सांगणं: आपल्या भागात कोणतीही गिटार घ्या, उन्हात ठेवू नका आणि गाडीला टेकवून जेवायला बसू नका.

धुळे

धुळ्याचे रस्ते सरळ आहेत. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं. पत्ता विचारणं सोपं जातं, आणि दुरुस्तीवाला कुठे असं विचारलं तर चौघांनी एकच नाव सांगितलं: हार्मोनियमवाले आबा.

आबांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. उघड्या पेट्या, भाते, पितळी सुरांच्या पट्ट्या पसरलेल्या. आबा सत्तरीचे असावेत. मान वर न करता म्हणाले, "बठ भाऊ."

मी गिटार पुढे ठेवली. त्यांनी फटीत नख घालून पाहिलं.

"उनमा ठेयेल व्हती ना?"

मधूने माझ्याकडे पाहिलं.

"सरस सुटी गया. एक दिनमा चिटकस नही."

अहिराणीत अहो-जाहो फारसं नाही. वरणगावात पहिल्या भेटीत मला कुणी असं एकेरी बोललं असतं तर त्याची मोटर मी परत उघडली नसती. इथे तसं नसतं हे मला माहीत होतं, तरी पहिली दोन-चार वाक्यं खटकलीच. मी त्यांना सगळं सांगितलं. नशिराबादची शिट्टी, जळगावचा दुकानदार, उद्या सकाळी दहाचा कार्यक्रम.

ते म्हणाले, "बोटे दखाड."

मी उजवा हात पुढे केला. पहिल्या बोटाला नख नाही. फार वर्षांपूर्वी गुंडाळायच्या यंत्रात गेलं, नंतर धड उगवलं नाही. म्हणून मी नखीने वाजवत नाही आणि नखानेही नाही, नुसत्या बोटांच्या मांसाने वाजवतो. मला शिकवणाऱ्या फोरमनशिवाय कुणी कधी हा हात असा धरून पाहिला नव्हता.

"मंग तुले एवढी मोठी डबडी कसाले?" आबांनी विचारलं.

पुढचं त्यांनी काम करत करत, तुकड्यातुकड्याने सांगितलं. मोठ्या पोटाच्या गिटारला जोराचा हात लागतो. नखीने झोडणाऱ्याला ती साथ देते. माझ्यासारख्या मऊ हाताने ती जागीच होत नाही. मग मी आवाजाचं बटण वाढवतो, स्पीकरचा आवाज त्या मोठ्या पोटात परत शिरतो, पोट घुमतं, घोडीखालची पट्टी ते घुमणंच उचलते, ते पुन्हा स्पीकरला जातं. शिट्टी म्हणजे हेच फिरत राहणं. गिटार वाईट नाही, ती दुसऱ्याची आहे.

म्हणजे जळगावच्या दुकानदाराची चूक नव्हती. हे ऐकून मला बरं वाटलं असं नाही.

आबांनी वरच्या फळीवरून एक गिटार काढली. लहान, कमरेला बारीक, रंग उतरलेला. घोडीखालची पट्टी त्यांनी स्वतः बसवली होती. टॉर्च लावून पोटावरच्या भोकाच्या कडेवर धरला. वरच्या लाकडाच्या रेघा कडेवरून सरळ खाली उतरलेल्या दिसत होत्या. मग माझी जुनी गिटार तशीच धरली. तिच्या कडेला अळूवडीसारखे थर दिसले, एकावर एक चिकटवलेले. वरची फळी एकसंध असली की हलक्या बोटालाही हलते, एवढंच आबा म्हणाले.

मी सवयीने पोटावर टिचकी मारली.

"रंग गेलाय आबा. मानेला ओरखडे आहेत. जुनी दिसते. काय घ्याल?"

"पहिले वाजाड."

"ते होईल. भाव तर सांगा."

"बठ्ठं गानं वाजाड. मंग भाव सांगसू."

पूर्ण गाणं वाजवल्याशिवाय भाव नाही म्हटल्यावर मी बाहेर जायला निघालो. भाव करताना मी नेहमी तीन वेळा उठतो. आबांनी बोलावलं नाही. ते एका पितळी पट्टीवर कानस फिरवत होते, मला दाखवायला नव्हे, तिचा सूर उतरला होता म्हणून. दारात ऊन होतं. मी परत येऊन बसलो. मधूचं तोंड ढोलकीकडे होतं, पण खांदे हलत होते.

गिटार मांडीवर घेतली. नाना प्रत्येक कार्यक्रमात जी वंदना गातात तिची सुरुवात धरली. ती हळू आहे, अंगठ्याने खालचा सूर धरून ठेवायचा आणि बोटांनी वरचे चार सोडायचे. आधीच्या गिटारवर ते वरचे चार मला स्वतःलाही ऐकू यायचे नाहीत. इथे ते खोलीभर झाले, मी जोर न लावता. दुसऱ्या कडव्याला मधूने ढोलकीवर बोटं ठेवली होती हे मला उशिरा कळलं. तिसऱ्या कडव्याला कळलं की आबांची कानस थांबली आहे. गाणं मधे सोडायचं असं मी ठरवलं होतं, म्हणजे फार आवडली असं दिसू नये. ते राहून गेलं.

मग त्यांनी वायर लावली, छोटा स्पीकर माझ्या पाठीशी ठेवला आणि मधूला शेजारी बसवून जोरात वाजवायला लावलं. गिटार एकटी ऐकून घेऊ नये, ज्या वाद्याशेजारी बसायचं त्याच्याशेजारी ऐकावी. त्यांनी आवाज मुद्दाम वाढवत नेला. घूं सुरू झालं तेव्हा भोकावर रबराची चकती बसवली, खालच्या सुरांचं बटण थोडं उतरवलं आणि मला वीतभर बाजूला सरकवलं. घूं गेलं.

मग आबांनी भाव सांगितला.

मी तोंड उघडलं. रंगाचं, ओरखड्यांचं, जुनेपणाचं, सगळं तयार होतं.

"आते तू काय भाव करशी?" आबा म्हणाले. "तुनं तोंड मी देखी लिधं."

मी सांगितला तेवढा भाव दिला. जुनी गिटार दुरुस्तीला तिथेच ठेवली. रबराची चकती तरी भावात धरा म्हणालो, तर ती आधीच पिशवीत टाकली होती.

दोंडाईचा

तिसऱ्या दिवशी उजाडता निघालो. गिटार या वेळी मी पुढे, छातीशी घेतली, गाडी मधूने चालवली. शिंदखेडा सोडल्यावर हवेतच मिरची जाणवायला लागते. दोंडाईच्यात शिरताना लाल मिरची पसरलेली पटांगणं लागली आणि मधू अकरा वेळा शिंकला. मी मोजलं, कारण गाडी त्याच्या हातात होती.

विहाराच्या नव्या सभागृहाचा कार्यक्रम होता. पार्टी आधीच बसली होती. नाना मधे, त्यांच्या डावीकडे साळवे साहेब, कीबोर्डसह. साळवे साहेब सज्जन माणूस आहे, मला बघून लगेच सरकले, आणि त्याचाही मला राग आला. माझ्यासाठी उजवीकडे, पार कडेला, सतरंजीचा तुकडा मोकळा होता.

नाना म्हणाले, "खंजिरी कुठे?"

"गिटार आणली."

"तीच?"

"दुसरी."

नानांनी माइक हातात धरलेला होता, पण बंद होता. त्यांनी तो चालू केला नाही. वायर लावली तशी सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून घूं आलं. सगळ्यांनी माना वळवल्या. साळवे साहेब खाली बघायला लागले. मी चकती बसवली, खालचे सूर उतरवले, सतरंजीसकट हातभर पुढे सरकलो. घूं बंद झालं. 

पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं आणि मला तेच हवं होतं. गाणारा ज्या वाद्याकडून सूर घेतो तिकडे त्याचा कान असतो. हिवाळ्यापासून नानांचा कान डावीकडे होता. तिसऱ्याला धुळ्यात वाजवलेली ती वंदना सुरू झाली, अंगठ्याने खालचा सूर धरला, वरचे चार सोडले. नानांचा आवाज आता पूर्वीसारखा वर जात नाही, वरच्या जागेआधी ते जरा थांबतात. त्या थांबण्यात माझे चार सूर बसले. दुसऱ्या कडव्याला नाना बसल्या बसल्या उजवीकडे वळले. साळवे साहेबांनी कीबोर्ड हळू केला. कार्यक्रम संपेपर्यंत नाना तसेच बसून गायले.

नंतर मागच्या खोलीत चहा आला. नशिराबादबद्दल नाना काही बोलले नाहीत. मीही काढलं नाही, पण ते माझ्याकडे शिल्लक आहे. त्यांनी गिटार मागून घेतली, भोकाशी नाक नेऊन वास घेतला, मानेवरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"केवढ्याला पाडली?"

पार्टीतले सगळे ऐकायला लागले. माझ्या भाव पाडण्याच्या गोष्टी त्यांना पाठ आहेत.

"सांगितल्या भावाला घेतली," मी म्हणालो.

मधू बशीतला चहा संपवत होता. नानांनी गिटार माझ्या मांडीवर परत ठेवली.

"म्हणजे या वेळी वाजवून घेतली," ते म्हणाले.